शॉक वेव्हचे गणित हवा, पाणी आणि वाहतूक यांसाठी एकच असते का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: निरनिराळ्या शाखांत शॉक वेव्हचे (दाब, घनता यांसारख्या राशी ज्या सरकत्या सीमेवर एकदम उडी घेतात तिचे) प्रतिमान एकाच गणिताने मांडता येते का, आणि आपल्या संगणकीय कोडमध्ये शॉक चुकीच्या वेगाने का सरकतो. माझ्या मते दोन्हींचे मूळ एकाच ठिकाणी आहे. कोणती राशी अक्षय्य राहते, म्हणजे तिची एकूण बेरीज बदलत नाही, हे आधी ठरवावे लागते, आणि ते गणित सांगत नाही, त्या-त्या विषयाचे भौतिकशास्त्र सांगते.

समुद्रसपाटीजवळच्या हवेत रेणूंचा सरासरी मुक्त मार्ग सुमारे ०.०७ मायक्रोमीटर असतो आणि तीव्र शॉकची जाडी त्याच्या काही पटच भरते. अभियांत्रिकीच्या मोजपट्टीवर ही जाडी शून्यच असल्यामुळे तेथे दाबाचा उतार काढण्यात अर्थ उरत नाही व अवकल समीकरण लागू पडत नाही; मात्र आत किती आले, बाहेर किती गेले हा हिशेब तेथेही चुकत नाही. त्यातूनच शॉकचा वेग मिळतो: दोन्ही बाजूंच्या प्रवाहांतील (एकक काळात ओलांडून जाणाऱ्या राशीतील) फरकाला राशींतील फरकाने भागायचे. हाच रँकिन-ह्युगोनिओ संबंध. १८६० मध्ये रीमानसारख्या गणितज्ञानेही शॉकच्या आरपार एन्ट्रॉपी (वायूतील अव्यवस्थेचे माप) कायम राहते असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात वायूमध्ये वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा अक्षय्य राहतात आणि एन्ट्रॉपी वाढते.

ही निवड किती निर्णायक असते ते बर्गर्स समीकरणावर, म्हणजे शॉक तयार होणाऱ्या सर्वांत साध्या समीकरणांपैकी एकावर, पाहता येते. राशीला ‘क्ष’ म्हणू; तिचा प्रवाह क्ष²/२ आहे. डावीकडे क्ष = १ आणि उजवीकडे ० असेल, तर शॉकचा वेग १/२ येतो. आता समीकरणाला क्षने गुणून क्ष²/२ हीच अक्षय्य राशी मानली, तर तिचा प्रवाह क्ष³/३ होतो आणि वेग २/३ निघतो. जेथे क्ष सलग बदलतो तेथे दोन्ही समीकरणे तंतोतंत एकच आहेत, पण शॉक मात्र वेगळा. आपण पाठवलेल्या कोडमध्ये तर ग्रिडच्या (अंतर ज्या लहान कप्प्यांत विभागले आहे त्या जाळीच्या) प्रत्येक कप्प्यात ‘क्ष गुणिले डावीकडच्या कप्प्याशी असलेला फरक’ एवढेच वजा केले आहे. शॉकच्या पुढच्या कप्प्यात क्ष शून्य, मागच्या कप्प्यात फरक शून्य. त्यामुळे शॉक जागचा हलतच नाही, आणि ग्रिड कितीही बारीक केले तरी हलणार नाही. कप्प्याच्या दोन्ही कडांवरील प्रवाह काढून त्यांची वजाबाकी करा, म्हणजे हा दोष मुळातच जाईल.

धरणाच्या सांडव्याखाली वेगवान पाणी एकदम उसळून संथ होते, तो हायड्रॉलिक जम्प हाही शॉकच. तेथे वस्तुमान आणि संवेग धरायचे. यांत्रिक ऊर्जा धरली तर उत्तर चुकते, कारण ती ऊर्जा खळबळाटात जिरवण्यासाठीच तर स्टिलिंग बेसिन (सांडव्याच्या पायथ्याचे कुंड) बांधलेले असते. वाहतुकीत, म्हणजे लाइटहिल आणि व्हिटहॅम यांच्या १९५५ च्या प्रतिमानात, फक्त वाहनांची संख्या अक्षय्य असते. समजा, द्रुतगती मार्गावर दर किलोमीटरला २० वाहने असून तासाला १८०० येत आहेत आणि पुढच्या रांगेत दर किलोमीटरला १२० वाहने असून तासाला ६०० सुटत आहेत. तर रांगेचे शेपूट ताशी १२ किलोमीटर वेगाने मागे सरकते, जरी एकही वाहन मागे जात नसले तरी.

कोडच्या बाबतीत दोन जुने मार्ग आहेत. फॉन नॉयमन आणि रिक्टमायर यांनी १९५० मध्ये कृत्रिम विष्यंदिता (द्रवाच्या चिकटपणासारखे जादा घर्षण) घालून शॉक काही कप्प्यांवर पसरवला; गोदुनोव्ह यांनी १९५९ मध्ये प्रत्येक कडेवर एक छोटा रीमान प्रश्न (डावीकडे एक व उजवीकडे दुसरी स्थिर किंमत असेल तर पुढे काय होते हा प्रश्न) सोडवला. मी दुसरा सुचवेन, कारण पहिल्यात विष्यंदितेचा गुणांक हाताने जुळवत बसावे लागते. शॉकजवळ लाटांसारखे चढउतार दिसले तर घाबरू नका: एकरेषीय पद्धत पहिल्या दर्जापेक्षा अचूक असेल तर ती चढउतार टाळूच शकत नाही, हे गोदुनोव्ह यांनीच सिद्ध केले आहे. त्यासाठी लिमिटर, म्हणजे शॉकजवळ आपोआप अचूकता कमी करून चढउतार रोखणारे सूत्र, वापरतात.

दुरुस्तीनंतर वायूसाठी सॉडची १९७८ ची चाचणी (पडदा काढल्यावर दोन वायूंमध्ये शॉक धावतो असा प्रमाणित नमुना) चालवा. डावीकडे घनता व दाब १, उजवीकडे घनता ०.१२५ व दाब ०.१, दोन्हीकडे वायू स्थिर, विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर १.४, पडदा ०.५ या स्थानी. काळ ०.२ झाल्यावर शॉक ०.८५ जवळ दिसला पाहिजे. ग्रिड बारीक करूनही तो दुसरीकडेच राहिला, तर कडांवरील प्रवाहांची ओळ पुन्हा तपासा.