सन कॉन्युअर रोज ठरावीक वेळी किंचाळतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मडगावच्या फ्लॅटमधला तुमचा सन कॉन्युअर (छोटा परदेशी पोपट) सकाळी, दुपारी चारच्या सुमारास आणि दिवेलागणीला किंचाळतो, खालच्या मजल्यावरून तक्रारी येतात आणि कुणीतरी पिंजऱ्यावर जाड चादर टाकायला सांगितलंय. आमच्या फोंड्याच्या घरीही हाच पक्षी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चादर आधी बाजूला ठेवा. तो ओरडला म्हणून त्याला भरदिवसा अंधारात कोंडणं ही शिक्षा झाली, आणि शिक्षा कशाबद्दल ते त्याला कळत नाही. त्यापेक्षा आठवडाभर वेळा टिपून ठेवा. कधी सुरू झालं, कधी थांबलं, त्या क्षणी घरात आणि रस्त्यावर काय चाललं होतं. त्यावरून एवढंच शोधायचं की ओरडण्याची वेळ सूर्याप्रमाणे सरकते की माणसांप्रमाणे.

गोव्यात जूनमध्ये सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. संध्याकाळचा गोंगाट तसाच मागेपुढे होत असेल तर ती थव्याची हाक आहे. आपले रानपोपट तिन्हीसांजेला झाडावर मुक्कामाला जमताना केवढा कल्ला करतात, आणि अंधार पडला की सगळं शांत. सन कॉन्युअर दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला, तोही थव्यानं राहणारा, आवाज लांबवर पोचवणारा. फ्लॅटमध्ये त्याचा थवा म्हणजे तुम्हीच. ही हाक बंद करता येत नाही आणि करूही नये असं माझं ठाम मत आहे. त्या वेळी खिडक्या लावून घ्या, त्याला बाहेर काढा, त्याच्याशी बोला, गाणी लावा. बहुतेकदा थोड्या वेळात ओसरतं. खालच्या मजल्यावर जाऊन ती वेळ आपणहून सांगून या. कधी थांबणार हे ठाऊक असलं की माणसं बरंच सोसतात.

चारचं ओरडणं मात्र वेगळं वाटतं. माझा दाट संशय पोदेरावर, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्यावर आहे. आमच्याकडे कोपऱ्यावर पोदेराचा भोंगा वाजला की पक्षी मान ताठ करतो, पिसं अंगासरशी घेतो, डोळ्यातली बाहुली बारीक-मोठी होऊ लागते आणि मग सुरू. त्याच्या बाजूनं बघा. भोंगा वाजतो, मी ओरडतो, कुणीतरी उठतं, दार उघडतं, गरम उंडे (गोव्याचे गोल पाव) घरात येतात आणि तुकडा मला मिळतो. यात त्याचं चुकलं काय? हे शिकलेलं ओरडणं, म्हणून बदलता येतं.

भोंग्याच्या थोडं आधीच त्याच्या चोचीला काम द्या. मक्याच्या कणसाचा तुकडा, शेवग्याची शेंग, कागदाच्या पुडीत बांधलेल्या सूर्यफुलाच्या चार बिया, करवंटीत लपवलेली सुकी मिरची (पक्ष्यांना तिखट लागत नाही, आवडीनं खातात). अव्होकाडो आणि चॉकलेट मात्र कधीच नाही. पाव घ्यायला जाणाऱ्यानं त्याच्याकडे न बघता जावं, येताना तुकडा देऊ नये. तो गप्प झाला किंवा हळू आवाजात किलबिलला की लगेच जवळ जा, कौतुक करा. खोलीतून ‘गप्प बस रे!’ असं ओरडलात तर ते त्याला उत्तरच वाटतं. त्याऐवजी एक छोटी शीळ ठरवा आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत असताना त्यानं शीळ घातली तर शिळेनंच उत्तर द्या.

हे घरातल्या सगळ्यांनी पाळायला हवं, आजी-आजोबांनीसुद्धा. सुरुवातीला ओरडणं वाढेल. तेव्हा एकानं जरी कंटाळून तुकडा दिला तरी अजून जोरात ओरडलं की मिळतं, हे तो पक्कं शिकतो.

झोपेकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. त्याला रात्री दहा-बारा तास काळोख आणि शांतता लागते. पिंजरा हॉलमध्ये आणि टीव्ही अकरापर्यंत चालू असेल तर पक्षी चिडका होणारच. रात्री आतल्या खोलीत न्या. तिथे हवा खेळती ठेवून पातळ कापड टाकायला हरकत नाही. नरकासुराच्या रात्री (नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री) तर गल्लीत पहाटेपर्यंत गाणी चालतात, तेव्हा सर्वांत आतली खोली निवडा. फक्त स्वयंपाकघर नको, कारण तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या वाफेनं पक्षी मरतात.

ओरडण्याची तऱ्हा अचानक बदलली, पिसं फुगवून बसू लागला, श्वासाबरोबर शेपटी हलू लागली किंवा एकाएकी अगदीच गप्प झाला, तर त्याच दिवशी पक्ष्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे न्या. पोपट आजार लपवतात. शांत झाला म्हणून निर्धास्त राहू नका.

तक्रार लेखी झालीच तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीची प्रत हाताशी असू द्या. सन कॉन्युअरसाठी ती लागते. आपला कंठवाला हिरवा पोपट पाळायला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदीच आहे, म्हणून ‘सोबतीला एक साधा पोपट आणा’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका.