वाचकांचे प्रश्न : सेंटओएस 7 ची अद्यतने बंद झाल्यावर

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयात सभासदांच्या आणि पुस्तकांच्या देवघेवीच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर आहे. त्यावर सेंटओएस 7 ही लिनक्स कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) असून नोंदींची प्रणाली पीएचपी ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि मारियाडीबी हा डेटाबेस यांवर चालते. हल्ली अद्यतने आणणारी ‘यम अपडेट’ ही आज्ञा दिली की मिररलिस्ट (अद्यतने जिथून उतरवायची त्या सर्व्हरांची यादी) मिळत नसल्याचा संदेश येतो आणि काम तिथेच थांबते. इंटरनेट तर व्यवस्थित सुरू आहे. ही चूक कशी दुरुस्त करावी?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या यंत्रात कोणताही बिघाड झालेला नाही. सेंटओएस 7 ची देखभाल 30 जून 2024 रोजी संपली आणि ज्या पत्त्यावरून यम मिररची यादी मागवीत असे, तो पत्ताच त्यानंतर बंद झाला. जुनी पॅकेजे (सॉफ्टवेअरचे तयार संच) मात्र ‘व्हॉल्ट’ नावाच्या संग्रहात जपून ठेवलेली आहेत. ‘ईटीसी’ या सेटिंगांच्या फोल्डरमधील ‘यम.रेपोज.डी’ या फोल्डरची आधी एक प्रत काढून ठेवावी. मग तेथील सेंटओएसच्या फायलींत ‘मिररलिस्ट’ने सुरू होणाऱ्या ओळींपुढे # हे चिन्ह घालावे, ‘बेसयूआरएल’च्या ओळींपुढील तेच चिन्ह काढावे आणि त्या पत्त्यातील ‘मिरर’ या शब्दाच्या जागी ‘व्हॉल्ट’ लिहावे. ‘यम क्लीन ऑल’ ही आज्ञा दिल्यानंतर यम पुन्हा चालू लागेल.

त्यानंतर राहून गेलेली काही पॅकेजे बसतील आणि पुढच्या वेळी अद्ययावत करण्याजोगे काहीही नाही, असा संदेश दिसेल. माझी कळकळीची विनंती आहे की, या संदेशावर विसंबून राहू नका. पूर्वी त्याचा अर्थ उपलब्ध असलेल्या सर्व दुरुस्त्या आपल्या सर्व्हरवर पोहोचल्या आहेत, असा होता. आता त्याचा अर्थ, बंद झालेल्या संग्रहात नवीन काही आलेले नाही, एवढाच उरला आहे. सेंटओएस 7 मधील पीएचपी 5.4 चेच उदाहरण घ्या. मूळ प्रकल्पाने त्या आवृत्तीची देखभाल 2015 मध्येच थांबवली होती. तरीही सेंटओएस ज्या कार्यप्रणालीवर आधारलेली आहे, ती बनवणाऱ्या रेड हॅट कंपनीचे अभियंते महत्त्वाच्या सुरक्षा-दुरुस्त्या जुन्या आवृत्तीतच बसवून देत आणि सेंटओएस तीच पॅकेजे नव्याने बांधून विनामूल्य वाटत असे. आवृत्तीचा क्रमांक जुना दिसला तरी आतील भगदाडे बुजवलेली असत. सेंटओएससाठीचे हे काम आता थांबलेले आहे.

म्हणून व्हॉल्टचा उपयोग स्थलांतराच्या तयारीपुरताच करावा. आहे त्याच यंत्रावर 7 वरून 8 व्या पिढीकडे नेणारे ‘ईलिव्हेट’ हे साधन अल्मालिनक्स (सेंटओएसला पर्याय असलेली कार्यप्रणाली) या प्रकल्पाने उपलब्ध करून दिले आहे, पण आपल्या बाबतीत मी तो मार्ग सुचवणार नाही. अल्मालिनक्स 8 किंवा तिच्यासारख्याच रॉकी लिनक्स 8 मध्ये पीएचपीची मूळ आवृत्ती 7.2 आहे, आणि ‘मायएसक्यूएल कनेक्ट’सारखी जुनी फंक्शने पीएचपी 7.0 पासूनच काढून टाकलेली आहेत. आपली प्रणाली त्या फंक्शनांवर उभी असेल, तर स्थलांतर झाल्याबरोबर ती बंद पडेल आणि परतीची वाट सोपी नसेल. त्याऐवजी दुसऱ्या एखाद्या संगणकावर अल्मालिनक्स 8 बसवावे, ‘मायएसक्यूएलडंप’ या आज्ञेने काढलेली डेटाबेसची प्रत तिथे भरावी आणि प्रणालीतील आवश्यक बदल तिथेच करून पाहावेत. अल्मालिनक्स 8 ला 2029 पर्यंत सुरक्षा-अद्यतने मिळणार आहेत.

मराठी नोंदींकडे मात्र विशेष लक्ष द्यावे लागेल. मारियाडीबी 5.5 मध्ये वेगळे काही ठरवले नसल्यास अक्षरसंच लॅटिन-1 (रोमन अक्षरांसाठीचा) असतो. अनेक जुन्या प्रणालींनी देवनागरी मजकूर त्याच अक्षरसंचाच्या जोडणीतून साठवलेला असल्यामुळे जुन्या पडद्यावर तो बरोबर दिसतो, पण प्रत काढताना त्याचे दुहेरी रूपांतर होऊन नव्या यंत्रावर अगम्य रोमन अक्षरांची रांग उमटते. जोडाक्षरे असलेली वीस-पंचवीस नावे दोन्ही यंत्रांवर ताडून पाहिल्याशिवाय जुना सर्व्हर बंद करू नये. तसेच हे काम पूर्ण होईपर्यंत तो सर्व्हर वाचनालयाच्या अंतर्गत जाळ्यापुरताच ठेवावा आणि बाहेरून त्यावर येणारे सर्व मार्ग फायरवॉलने बंद करावेत.

प्रश्न : आम्हीही सेंटओएस 7 वापरतो. पॅकेजे बसत नसल्यास ‘जीपीजीचेक’ (पॅकेजची स्वाक्षरी पडताळणारी सेटिंग) शून्य करावे आणि नवी जीलिबसी (बहुतेक प्रोग्रॅम ज्यावर चालतात ती मूलभूत लायब्ररी) ‘नोडेप्स’ हा, इतर पॅकेजांशी मेळ न तपासण्याचा, पर्याय देऊन बसवावी, असा सल्ला आम्हाला मिळाला आहे. तो पाळावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही गोष्टी कृपया करू नयेत. व्हॉल्टमधील पॅकेजांवर सेंटओएसची मूळ स्वाक्षरी आहे आणि तिची किल्ली आपल्या यंत्रावर आधीपासूनच असते, त्यामुळे पडताळणी बंद करण्याचे काही कारणच उरत नाही. एखाद्या पॅकेजची स्वाक्षरी जुळत नसेल, तर ते पॅकेज बसवू नये. जीलिबसीचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण सेंटओएस 7 मधील जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिच्या 2.17 या आवृत्तीशी जोडलेला आहे. ती जबरदस्तीने बदलताना काही चुकले, तर साधी ‘एलएस’ आज्ञादेखील चालणार नाही आणि दुरुस्तीसाठी बाहेरच्या डिस्कवरून यंत्र सुरू करावे लागेल. एखाद्या प्रोग्रॅमला नवी जीलिबसी हवीच असेल, तर तो वेगळ्या, देखभाल चालू असलेल्या यंत्रावर चालवावा.