इटलीचा संगमरवर आणि थाई छप्पर

प्रश्न : बँकॉकच्या सहलीत वाट बेंचमाबोफित हे संगमरवरी मंदिर पाहिलं. गाइड म्हणाला, दगड इटलीहून आणलाय. खिडक्यांवर चर्चसारख्या रंगीत काचा. आदल्या दिवशी राजवाड्यातल्या वाट फ्रा केओ मंदिराची झगमग पाहिली होती, त्यापुढे हे फिकं आणि उसनं वाटलं. याला थाई कला म्हणायचं का?

उत्तर : म्हणायचं, आणि अगदी बिनदिक्कत. दगड इटलीतल्या करारा या गावचा आहे हे खरंच. राजा चुलालोंगकोर्न, म्हणजे पाचवा राम, 1897 मध्ये युरोप फिरून आला आणि 1899 मध्ये या मंदिराचं काम निघालं. आराखडा मात्र त्याच्या सावत्र भावाचा, प्रिन्स नरिसचा. या माणसाने संगमरवर वापरला तो भिंतींना, खांबांना आणि जमिनीला, छपराला नाही. तुम्ही भिंतीच बघत राहिलात, तिथे घोटाळा झाला.

मान वर करा. एकावर एक चढत गेलेली छपरं, त्यांवर पिवळी झिलईदार कौलं, उतरत्या कडांवर नागाचे खवले, आणि टोकाला पक्ष्याच्या मानेसारखा आकाशात घुसणारा बारीक बाक. त्याला तिथे चोफा म्हणतात. पूर्वेच्या दर्शनी त्रिकोणात गरुडावर बसलेला विष्णू कोरलाय. बुद्धाच्या दारावर विष्णू कसा, असं आपल्याला वाटेल. पण गरुडारूढ नारायण ही तिथली राजचिन्हाची खूण. वाट फ्रा केओमध्ये भिंतीपासून शिखरापर्यंत सगळंच चमकतं, डोळा ठरत नाही. इथे पांढऱ्या भिंतींमुळे सोनेरी-लाल छप्पर उठून दिसतं. रंगीत काचा मलाही जरा भडकच वाटतात, त्यांची बाजू मी घेणार नाही.

आत बसलेली मूर्ती फित्सानुलोक शहरातल्या फ्रा फुत्थ चिन्नरात या प्रसिद्ध बुद्धमूर्तीची प्रतिकृती. भूमिस्पर्श मुद्रा, म्हणजे उजवा हात जमिनीकडे टेकलेला, भोवती ज्वाळांसारखी प्रभावळ. तिच्या बैठकीखाली चुलालोंगकोर्नच्या अस्थी ठेवल्या आहेत.

तुम्ही मागचं अंगण पाहिलंत का? पत्रात उल्लेख नाही, म्हणून विचारते. सहलीवाले बहुतेकदा पुढच्या पायऱ्यांवर फोटो काढून बसमध्ये बसवतात. मागच्या ओवऱ्यांमध्ये राजाचा दुसरा सावत्र भाऊ प्रिन्स दामरोंग याने जमवलेल्या 52 बुद्धमूर्ती ओळीने आहेत, काही जुन्या, काही प्रतिकृती. वेगवेगळ्या काळांतल्या आणि देशांतल्या घडणी एकाच फेरीत दिसतात. गांधार धाटणीचा उपाशी सिद्धार्थ आहे : पोट पाठीला लागलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात. आणि सुखोथाई या जुन्या थाई राज्याच्या शैलीतला चालता बुद्ध आहे. त्याच्यासमोर जरा थांबा. एक पाऊल पुढे, मागच्या पायाची टाच किंचित उचललेली, चीवर अंगाला इतकं चिकटलेलं की त्याची फक्त कड दिसते, आणि खाली सोडलेला हात हत्तीच्या सोंडेसारखा, कोपराला हाडच नसल्यासारखा. धातूला चालायला लावणं ही सुखोथाईच्या ओतकामाची कमाल. ‘उसनं’ हा शब्द या ओवरीत उभं राहून पुन्हा म्हणून बघा!

प्रश्न : बेंचमाबोफितला ‘राजमंदिर’ म्हणतात, म्हणजे ते राजाचं खासगी देवघर का?

उत्तर : नाही. थायलंडमध्ये राजाश्रय असलेल्या मंदिरांच्या तीन श्रेणी आहेत आणि बेंचमाबोफित पहिल्या श्रेणीत येतं. तुम्ही म्हणता तसं देवघर शोधायचंच तर ते वाट फ्रा केओ : राजवाड्याच्या आवारात, आणि तिथे भिक्खू राहत नाहीत. बेंचमाबोफित मात्र नांदता विहार आहे. इतर ठिकाणी भिक्खू सकाळी भिक्षेला गल्लोगल्ली फिरतात. इथले मंदिरासमोरच्या रस्त्यावर पात्र घेऊन उभे राहतात आणि लोक अन्न घेऊन त्यांच्याकडे येतात. ते पाहायचं असेल तर पहाटेच पोचा, खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या.