सासवडला ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र काढायचंय, पैसा कसा उभा करायचा?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या वडिलांबरोबरचे वीस-पंचवीस ज्येष्ठ रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसतात, पावसाळ्यात तेही बंद पडतं, आणि नगरपरिषदेची मदत घेऊन त्यांच्यासाठी केंद्र बांधायचं मनात आहे. मी पुण्यात, कोथरूड भागातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचा नऊ वर्षं खजिनदार होतो. त्या अनुभवावरून सांगतो.

बांधकामाचा पैसा मिळतो. आमदार निधी, खासदार निधी, नगरपरिषदेचं अंदाजपत्रक, यांतून कुठून तरी वाट निघते. त्यासाठी जागा नगरपरिषदेच्या मालकीची असली आणि सर्वसाधारण सभेचा ठराव हातात असला, तर निम्मं काम झालं समजा. मुख्याधिकाऱ्यांना भेटायला जाताना नुसतं निवेदन नेऊ नका, मंजूर विकास आराखड्यात कुठली जागा कशासाठी आरक्षित आहे ते आधी पाहून जा.

खरी अडचण उद्घाटनानंतर सुरू होते. हे निधी बांधकामासाठी असतात. झाडलोट करणाऱ्या मावशींचा पगार, वीजबिल, चहा, वर्तमानपत्रं, गळणारा नळ, हे सगळं दरमहा आपल्याच गळ्यात येतं. शंभर सभासद महिन्याला ५० रुपये देतील असं धरलं, तर ५,००० होतात, आणि शंभरही नियमित देत नाहीत. म्हणून विटांच्या आधी ठेव जमवा. १० लाखांची ठेव असेल, तर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ६५ हजार, म्हणजे महिन्याला साधारण ५,४०० हाताशी येतात. वर्गणी आणि व्याज मिळून केंद्र चालतं. ठेव शेड्यूल्ड बँकेतच, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या बँकेतच ठेवा. जादा व्याज दिसलं म्हणून पतसंस्थेत टाकायची सूचना कुणीतरी करेलच, तिथे ठाम राहा.

दहा लाख ऐकून दचकू नका. आम्ही कायम तिथी सुरू केल्या. कुणी आईच्या स्मृतिदिनासाठी, कुणी स्वतःच्या एकसष्टीनिमित्त ठरावीक रक्कम एकदाच द्यायची. मूळ रक्कम ठेवीत जाते, आणि दरवर्षी त्या तारखेचा चहा-नाश्ता त्यांच्या नावाने होतो. दारातल्या फळ्यावर सकाळी खडूने नाव लिहायचं, एवढंच. परगावी असलेली मुलं त्या फळ्याचा फोटो मागवून घेतात आणि पुढच्या वर्षी बहिणीलाही द्यायला सांगतात. पावती मात्र प्रत्येकाला द्या. देणगीदाराला आयकरात सवलत देणारी ८०जी मंजुरी असली, तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही आणि नवीन करप्रणाली निवडलेल्याला ती मुळातच मिळत नाही. हे आधी सांगितलं की नंतर वाईटपणा येत नाही.

आता आमची चूक. सुरुवातीला आम्हाला पहिल्या मजल्यावरचा एक हॉल फुकट मिळाला आणि आम्ही हरखून गेलो. बावीस पायऱ्या होत्या. आमच्यातले एक निवृत्त पोस्टमास्तर एकदा खाली, चपलांच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसलेले दिसले. मांडीवर घडी घातलेला पेपर, वर भजन चाललेलं. मी म्हटलं, "अण्णा, वर चला ना." ते म्हणाले, "इथून चांगलं ऐकू येतं." पुढच्या आठवड्यात ते खालीही नव्हते. गुडघ्यांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून जागा तळमजल्यावरच घ्या, लहान असली तरी चालेल. दोन पायऱ्यांची उंची साधारण एक फूट धरली, तर उताराचा रॅम्प बारा फूट लांब हवा. त्याहून आखूड केला तर व्हीलचेअर ढकलणाऱ्याची दमछाक होते. स्वच्छतागृहात कमोड, भिंतीला पकडायला दांड्या, दार बाहेर उघडणारं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. खुर्च्या हात असलेल्याच आणा, कारण उठताना जोर त्या हातांवर येतो. बायका का येत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक संघात निघतो. आमच्याकडे त्याचं उत्तर स्वच्छतागृहात आणि वेळेत सापडलं. दुपारी तीन ते पाच वेळ ठेवल्यावर त्या येऊ लागल्या.

नोंदणी आजच सुरू करा, इमारतीची वाट पाहू नका. किमान सात जण लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दोन्ही नोंदणी धर्मादाय कार्यालयातच होते. घाई करायला सांगतोय त्याला कारण आहे. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे नफ्यातून समाजासाठी करायच्या खर्चात, ज्येष्ठांची डे केअर केंद्रं बसतात, कायद्याने कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यायचं असतं, आणि जेजुरीची एमआयडीसी तुमच्या शेजारी आहे. पण संस्थेकडे तीन वर्षांच्या कामाचा अनुभव, १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला आयकरातून सूट देणारी नोंदणी), ८०जी आणि सीएसआर-१ (कंपन्यांचा असा निधी घेण्यासाठीची नोंदणी) लागते. एखाद्या शाळेच्या वर्गात वर्षभर केंद्र चालवलं, हजेरीवही आणि ऑडिट नीट ठेवलं, तरी ती तीन वर्षं मोजायला सुरुवात होते.

आणि चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल अर्ज. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत तो धर्मादाय कार्यालयाला द्यायचा असतो. आपल्या वयाच्या मंडळात माणसं जातात, दुखवट्यात कागद राहून जातात. आमचे दोन विश्वस्त वारल्यानंतरही त्यांची नावं शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, तशीच होती, आणि जवळजवळ ठरलेली एका कंपनीची मदत त्यावर अडली. ते निस्तरेपर्यंत त्यांचं आर्थिक वर्ष संपलं. म्हणून कार्यकारिणीत पन्नाशीतली दोन माणसं तरी घ्या. पोर्टलवर फॉर्म भरणं आणि धर्मादायच्या फेऱ्या त्यांच्याकडे द्या.

नगरपरिषदेशी करार करताना मुदत, वीज-पाण्याचे मीटर आणि डागडुजी, तिन्ही लेखी घ्या. निवडणुकीत हॉल मतदान केंद्रासाठी गेला तर नंतरची साफसफाई कुणी करायची, हेसुद्धा लिहा. आमच्या घटनेचा मसुदा हवा असेल तर कळवा, पाठवतो.