कराची बंदर जागेवरच होतं

मे 2025 मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षातले व्हिडिओ अजूनही ‘मॅडम, हे खरं का?’ म्हणून माझ्याकडे येतात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून आज एकत्र उत्तरं देते.

‘युद्ध झालं तर एटीएम दोन-तीन दिवस बंद’ असा मेसेज आलाय. पैसे काढून ठेवू का?

नको. हाच मेसेज तेव्हाही फिरला होता आणि पीआयबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाच्या, फॅक्ट चेक विभागाने तो तेव्हाच खोटा ठरवला. शंका असेल तर बँकेच्या शाखेत विचारा.

भारतावर क्षेपणास्त्र पडल्याचा व्हिडिओ मेहुण्यांनी पाठवला. म्हणतात, ओळखीच्या फौजीने दिलाय.

हा ‘ओळखीचा फौजी’ मला दर आठवड्याला भेटतो, नाव मात्र कधीच कळत नाही. तुमची क्लिप मी थांबवून पाहिली. बंदरावर धान्याची उंच कोठारं, धुराचा लोट आणि क्षणात फुगणारा पांढरा घुमट. हे लेबनॉनमधलं बैरूत आहे. 4 ऑगस्ट 2020 ला तिथल्या बंदरात साठवलेल्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला होता. व्हिडिओ थांबवून दुकानांच्या पाट्या बघा, गाड्या रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालल्यात ते बघा. भारतात आणि पाकिस्तानात डावीकडून चालतात, लेबनॉनमध्ये उजवीकडून. एवढ्यावर उलगडा झाला नाही तर क्लिप फॅक्ट चेक करणाऱ्यांकडे पाठवा, ग्रुपवर नको.

शत्रूचं नुकसान दाखवणारी बातमी खोटी निघाली तरी काय बिघडलं? लोकांचं मनोबल तर वाढतं.

खूप बिघडतं. 8 मेच्या रात्री आपल्या अनेक वाहिन्यांवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या चालल्या. सरकारने असं काहीही जाहीर केलं नव्हतं. घराघरांत लोक रात्रभर जागून ते बघत होते. फिलाडेल्फियात जानेवारीत पडलेल्या विमानाची आग ‘कराची’ म्हणून फिरत होती. दोन दिवसांनी, 10 मेला, लष्करी कारवाई थांबवण्यावर दोन्ही देशांत सहमती झाली आणि परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी ती जाहीर केली. ज्यांच्या डोक्यात कराची पडलं होतं, त्यांना वाटणारच की जिंकलेलं युद्ध कुणीतरी सोडून दिलं. मिस्रींवर शिव्यांचा पाऊस पडला, त्यांच्या मुलीलाही सोडलं नाही, आणि त्यांना आपलं एक्स खातं कुलूपबंद करावं लागलं. निर्णय त्यांचा एकट्याचा नव्हताच, ते सांगणारे अधिकारी होते.

माझी काळजी हीच आहे. खोट्या विजयाची सवय लागली की शांततेचा प्रत्येक निर्णय गद्दारी वाटू लागतो, आणि मग थांबण्याची हिंमत कुठल्या सरकारला होणार? दोन्हीकडे अण्वस्त्रं आहेत. शिवाय राज्यकर्तेही आपल्यासारखाच फोन बघतात. डिसेंबर 2016 मध्ये पाकिस्तानचे तेव्हाचे संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ यांनी इस्रायलने पाकिस्तानला अण्वस्त्राची धमकी दिल्याची बनावट बातमी खरी मानून इस्रायलला ‘आम्हीही अण्वस्त्रधारी आहोत’ असं ट्विटरवर सुनावलं होतं. बातमीत इस्रायलच्या संरक्षणमंत्र्याचं नावसुद्धा चुकीचं होतं! तेवढं तपासायला दोन मिनिटं पुरली असती.

पण हे सगळं तिकडूनच येतं ना?

नाही. एप्रिल 2019 मध्ये फेसबुकने पाकिस्तानी लष्कराच्या प्रसिद्धी विभागातल्या कर्मचाऱ्यांशी जोडलेली पानं आणि खाती काढून टाकली. डिसेंबर 2020 मध्ये ईयू डिसइन्फोलॅब या खोट्या माहितीचा माग काढणाऱ्या युरोपातल्या संस्थेने भारताची बाजू रेटणाऱ्या बनावट वृत्तस्थळांचं जाळं उघड केलं. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने संबंध नाकारला.

डीपफेक (एआयने बनवलेले खोटे व्हिडिओ) पकडणारं ॲप वर्षाला हजार रुपयांत मिळतंय. घेऊ का?

पैसे घालवू नका. भीती पसरली की तिच्यावर दुकान थाटणारे येतातच. पाकिस्तानी लष्कराचे प्रवक्ते अहमद शरीफ चौधरी दोन विमानं पडल्याची कबुली देतात असा बनावट व्हिडिओ आला, तेव्हा पडताळणी करणाऱ्यांनी मूळ पत्रकार परिषद शोधून शेजारी लावली. ‘शंभर टक्के खात्री’ विकणाऱ्या ॲपवर विसंबू नका, जाणकाराला विचारा.

सोसायटीच्या ग्रुपचा मी ॲडमिन आहे. कुणी खोटं टाकलं तर मला अटक होईल का?

केवळ ॲडमिन आहात म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलंय की, समान हेतू किंवा आधी ठरवून केल्याचं दिसल्याशिवाय सदस्याच्या पोस्टची जबाबदारी ॲडमिनवर येत नाही. स्वतः पुढे ढकललंत तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम 353, म्हणजे खोटी माहिती पसरवून भीती किंवा वैर निर्माण करण्याचं कलम, लागू शकतं. पोलिसांचा फोन आलाच असेल, तर काहीही डिलीट करण्याआधी वकिलाला भेटा. आजच.