खणाच्या पाउचची खरी किंमत किती? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात घरी बसून करता येण्यासारख्या, कमी भांडवलाच्या हस्तकलांबद्दल लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की सगळ्यांना उत्तर देणं ह्या पानांत शक्यच नाहीये. त्यातले पाच प्रश्न घेतलेत. निम्म्याहून जास्त जणींनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारलीय, ती म्हणजे दर कसा लावायचा, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

प्रश्न : ताई, मी चिपळूणला असते. घरी शिलाई मशीन आहे, खणाचे पाउच शिवते. ९० रुपयांना विकते तरी बायका म्हणतात घरीच तर बनवता, मग एवढे पैसे कशाला. ८० ला देऊ का?

नाही, अजिबात देऊ नका. आधी एक कागद घ्या आणि माझ्यासोबत हिशोब करा, कारण तुम्ही ९० ला विकताय म्हणजे मला जवळजवळ खात्री आहे की तुम्ही तुमचा वेळ धरलेलाच नाहीये.

खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ३१ इंच धरू. एक मीटर म्हणजे ३९ इंच. पाउच तयार झाल्यावर ८ बाय ५ चा हवा असेल तर एका पाउचला शिवणीसकट ९ बाय ११ चा तुकडा लागतो. पन्ह्यात ९ चे तीन बसतात, लांबीत ११ चे तीन, म्हणजे मीटरमध्ये नऊ पाउच. मी गेल्या खेपेला खण १८० रुपये मीटरने आणला, म्हणजे पाउचमागे २० रुपये झाले. अस्तर ८, चेन आणि रनर ६, फ्यूजिंग (कापडाला ताठपणा यावा म्हणून आतून इस्त्रीने चिकटवतात ते) ४, दोरा आणि लेबल मिळून २. झाले ४०. आता वेळ. एकदम नऊ पाउच कापून, सगळ्यांना आधी चेन लावून, मग अस्तर, मग बाजू अशा घाण्याने शिवले तर मला एकाला २५ मिनिटं लागतात. तासाचे ८० रुपये फक्त धरले (हे काही फार नाहीत, तुम्हीच सांगा) तरी ३३ होतात. लाईट, मशीनचं तेल-सुई, बाजारात जायचं भाडं ह्याचे ७. सगळे मिळून ८०. म्हणजे ८० ला दिलं तर तुमच्या हातात फक्त मजुरी आली, धंदा नाही झाला, आणि एखादा पाउच बिघडला की ती मजुरीपण गेली. समोरून ग्राहकाला १५० आणि दुकानदार दहाच्या वर घेणार असेल तर ११५, ह्याच्या खाली मी जात नाही.

आणि हो, नऊ तुकडे कापल्यावर कडेला ४ इंचाची, मीटरभर लांब पट्टी उरते, बहुतेक वेळा तीच काठाची असते. ती फेकू नका! त्यातून कीचेन, बुकमार्क, राखीचा पट्टा, छोट्या तोरणाची पानं निघतात. त्या पट्टीचे पैसे आधीच पाउचमध्ये वसूल झालेत, त्यामुळे तिथे तुमचा खरा नफा आहे. १५० चा पाउच महाग वाटतोय म्हणणारी बाई ४० चं कीचेन सहज घेते आणि पुढच्या वेळी पाउचला येते, हे मी प्रदर्शनात कितीतरी वेळा बघितलंय.

"घरीच तर बनवता" ला माझं उत्तर ठरलेलंय. मी पाउच उलटा करून आतलं अस्तर दाखवते, एकही दोरा लोंबत नाही, कच्ची कड कुठे दिसत नाही. मग बोलावं लागत नाही फारसं. त्यामुळे आधी आतली बाजू तशी करा.

एक सावधगिरी. खण म्हटलं की आपल्याला गुळेदगुड्ड आठवतं, कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातलं गाव, तिथे पिढ्यानपिढ्या हा विणला जातो. पण बाजारात खण म्हणून जे मिळतं ते सगळं तसं नसतं, छापील पॉलिस्टरही असतं. कडेचे दोन धागे काढा आणि चिमट्यात धरून जाळा. सुती असेल तर कागदासारखं जळून राख होते, रेशीम असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो, आणि पॉलिस्टर वितळून टोकाला टणक मणी तयार होतो. पॉलिस्टर वापरू नका असं नाही म्हणत मी, पण ग्राहकाला खरं सांगा आणि दर तसा लावा. रंगाचंही बघा. माझ्या पहिल्या वर्षी लाल खणाला पांढरं अस्तर लावून सहा पाउच दिले होते, एका पाउचमध्ये ओला रुमाल ठेवला गेला आणि अस्तर गुलाबी झालं, सहाचे पैसे परत केले मी. तेव्हापासून ओल्या पांढऱ्या कपड्यात खणाचा तुकडा दाबून वरून इस्त्री फिरवल्याशिवाय कात्री लावत नाही. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, त्याच्यावर विसंबू नका. रंग जात असेल तर अस्तर त्याच रंगाचं घ्या, हा सरळ उपाय आहे.

प्रश्न : ताई, मी नाशिकची, लग्नाला दोनच वर्षं झालीत. माझ्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी हलव्याचे दागिने घरी केले होते, ते बघून ऑर्डर यायला लागल्यात. कधीपासून करायला घेऊ? आणि टिकतात का?

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग आधी. घरात शिकवणारं माणूस आहे म्हणजे तुझं अर्धं काम झालं गं.

१४ जानेवारी धरून मागे मोज. साचे, म्हणजे कार्डशीटवर कापलेले आकार, त्याला मागून काळा वेलवेट पेपर, मोती, जरीची लेस, गोंडे, बांधायचे दोरे, हे सगळं नोव्हेंबरपासून करून ठेवता येतं, त्याला काही होत नाही. हलवा मात्र शेवटच्या तीन आठवड्यांतच चिकटव. हलवा म्हणजे साखर, ती हवेतली ओल ओढते. मी एकदा चिकटवलेला गोंद पूर्ण वाळायच्या आत सेट प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला होता, ओल आतच कोंडली, आणि नवरीच्या घरी डबा उघडला तेव्हा तन्मणीचे दाणे पिवळट आणि चिकट झाले होते, काटे पार बसलेले. आता चिकटवल्यावर पूर्ण एक दिवस पंख्याखाली ठेवते, मग घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत औषधांच्या बाटलीत येते तशी सिलिका जेलची पुडी (लहान बाळाच्या सेटमध्ये ती पुडी टाकायची नाही, देताना काढून घ्यायची). मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या ताटात ठेव, आजीची पद्धत, तीच चालते.

काटेरी हलवा विकत घेताना दोन आकारांचा घे, बारीक आणि मध्यम. बारीक नथीला, मंगळसूत्राच्या वाट्यांना, बिंदीला. मध्यम हाराला, बाजूबंदाला, कमरपट्ट्याला. सगळं एकाच आकारात केलं की नथ ओबडधोबड दिसते. जावयाचा हार, गुच्छ आणि नारळ ह्याला मेहनत कमी आणि मागणी नक्की, ते आधी उरकून घे.

आता एक गोष्ट मी अगदी कळकळीने सांगते. बोरन्हाणाचे सेट करशील तेव्हा डब्यावर मोठ्या अक्षरात लिही की हा हलवा खाऊ नये. गोंदाने चिकटवलेला असतो तो, आणि मूल वर्षा-दोन वर्षांचं, हाताला लागेल ते तोंडात घालतं. दाणा किंवा मोती सुटला तर घशात अडकू शकतो. म्हणून बाळाच्या मुकुटाला आणि बासरीला समोरच्या बाजूने मोती लावूच नकोस, मनगटातल्या कड्यांना तर नाहीच. आईला तोंडीपण सांग, फोटोपुरतं घाला आणि काढून ठेवा. खायचा हलवा वेगळ्या पुडीत दे हवा तर.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातून लिहितोय. आमच्या आईचं वय ६८, गोधड्या फार सुरेख शिवते. लोक जुन्या साड्या आणून देतात आणि ३००-४०० रुपये हातावर ठेवतात. हे बरोबर आहे का?

दादा, तुम्ही हे विचारलंत ह्याचंच मला फार बरं वाटलं. बरोबर नाहीये हे, आणि का ते आकड्यात दाखवते म्हणजे तुम्हाला लोकांशी बोलता येईल.

सिंगल पलंगाची गोधडी ६० बाय ९० इंच धरा. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब, पन्हा ४५ इंच. साडीचे ६० इंचाचे तीन तुकडे होतात, दोन तुकडे पन्ह्याला जोडले की एक थर. म्हणजे तीन साड्यांत चार थर आरामात बसतात आणि वर किनारीला पट्टी उरते. साड्या ग्राहकाच्याच, म्हणजे सामानाचा खर्च फक्त दोरा. पण शिवण? ओळी एकेक इंचावर घातल्या तरी ६० ओळी, प्रत्येक ९० इंचाची, म्हणजे ५४०० इंच. १३७ मीटर धावदोरा होतो तो! आणि तुमच्या आईसारख्या हाताच्या बायका अर्ध्या इंचावर घालतात, तिथे दुप्पट. मी स्वतः घड्याळ लावून बघितलं, चार थरांतून मला तासाला ४ मीटर जमतं. म्हणजे ३४ तास. तासाला ६० रुपये धरले तरी २००० च्या वर जातं. आणि आईंना कोणी ३०० देतंय.

माझं मत असं की साड्या आणून देणाऱ्यांसाठी दर ओळींच्या अंतरावर लावा. एक इंची ओळ, पाऊण इंची, अर्धा इंची, असे तीन नमुने एक एक फुटाचे शिवून दाराशी ठेवा, लोकांना हाताने चाचपू द्या. फरक बोटांना लगेच कळतो. आणि मोठ्या गोधड्यांसोबत बाळाची दुपटी-गोधडी सुरू करा, ३० बाय ४० ची. त्याला एक-इंची ओळींनी फक्त ३० मीटर शिवण होते, आईंच्या मानेला-डोळ्यांना त्रास कमी, आणि आजीच्या साडीची बाळगोधडी बारशाला द्यायला लोक खरंच मनापासून शोधत असतात. साड्या मऊ सुतीच घ्यायच्या, धुवून, उन्हात वाळवून, विरलेला भाग मधल्या थरात. सिंथेटिक साडी बाळाला नकोच, घाम शोषत नाही. उजेड दिवसाचा असेल तेव्हाच शिवू दे त्यांना, रात्री नको.

प्रश्न : लातूर. भांडवल अगदी ५०० रुपये आहे. वर्तमानपत्राच्या पिशव्या करून वडापाव-भजीच्या गाड्यांना द्याव्या म्हणतो.

पिशव्या करा, पण खायच्या पदार्थांना वर्तमानपत्र नको. छपाईच्या शाईत घातक पदार्थ असतात आणि गरम तेलकट भजी ठेवली की ते पदार्थात उतरतात. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांतच ह्याला मनाई आहे, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) पुन्हा सगळ्यांना हे थांबवायला सांगितलंय. गाडीवाल्याला कोणी अडवलं तर तो तुमचं नाव घेईल.

गिऱ्हाईक दुसरं शोधा. मेडिकल, बांगड्या-टिकल्यांचं दुकान, स्टेशनरी, बुटिक. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे आणि डिसेंबर २०२२ च्या शेवटापासून देशभर १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग चालत नाहीत, त्यामुळे दुकानदाराला कागदी पिशवी हवीच असते, फक्त ती फाटायला नको. तळाला आणि हँडलच्या जागी पुठ्ठ्याची पट्टी आतून लावा, लग्नपत्रिकांचे जाड कागद त्याला मस्त चालतात आणि फुकट मिळतात. खळ घरी करा, एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गार पाण्यातच गुठळ्या मोडून मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहायचं. कीड लागू नये म्हणून जुने लोक त्यात मोरचूद टाकतात, पण ते विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर टाकू नका, त्याऐवजी दोन दिवसांपुरतीच खळ करा. पहिल्या पिशवीत दोन किलो तांदूळ भरून दिवसभर खुंटीला टांगा. टिकली तरच दुकानात घेऊन जा. ५०० पैकी ३०० च्या वर पहिल्या आठवड्यात खर्च करू नका, उरलेल्यात दुकानदाराने सांगितलेल्या मापाचा ब्राऊन पेपर घ्यायचाय.

प्रश्न : लायसन्स, जीएसटी वगैरे लागतं का? सोलापूरहून तिघी मैत्रिणी.

थोडक्यात सांगते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, ऑनलाईन आहे, पूर्ण फुकट, आधार आणि पॅन लागतो, कोणी एजंट हजार रुपये मागत असेल तर देऊ नका. नुसत्या वस्तू विकत असाल तर जीएसटी वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. पण मोठ्या ऑनलाईन साईटवरून विकायचं असेल तर नियम वेगळे होतात. ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नंबर नसतानाही अशा साईटवर विकता येतं, मात्र आपल्याच राज्यात. अशा साईटवरून राज्याबाहेर पाठवायचं असेल तर नंबर घ्यावा लागेल. खायचं काही विकणार असाल तर मात्र एफएसएसएआयची नोंदणी पहिल्या दिवसापासून. आणि तिघी आहात तर आजच एक वही घाला, कोणी किती पैसे टाकले, कोणी किती तास बसलं, रोजच्या रोज, तिघींच्या सह्यांनिशी.

पुढच्या अंकात सुगंधी मेणबत्त्यांचे प्रश्न घेते, सहा आलेत. तोवर त्या सहाही जणींना एकच सांगणं, मेण थेट गॅसवर वितळवू नका, पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, आणि पेटलंच तर पाणी ओतू नका, झाकण घाला.