आई-बाबा पोरीकडे जर्मनीला चालले? आधी विमा पाहा

भाऊ, तिकीट निघालं, सरगुंडे-पापड बांधून झाले, पण विम्याचं ‘पाहू नंतर’ करू नको. शेंगेन व्हिसाला (जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) किमान 30,000 युरोचं वैद्यकीय कवच लागतंच. तेवढ्यावर व्हिसा मिळेल, पण खरं वाचायचं ते ‘आधीपासूनचे आजार’ हे कलम. बाबांचं बीपी, आईची शुगर फॉर्मात लपवू नको. हप्ता कमी बसावा म्हणून मी बाबूजींचं बीपी लिहिलंच नव्हतं. तिकडे छातीत दुखलं, दावा नामंजूर झाला, अन् त्या वर्षीची सारी तूर बिलात गेली.

औषधं पुऱ्या मुक्कामाची दे. सोबत तालुक्याच्या डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी, त्यात औषधाच्या घटकाचं नाव हवं. आपला ब्रँड तिकडे कोण ओळखतो? टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन म्हटलं की कळतं. शुगरचा आकडाही बऱ्याच ठिकाणी वेगळा येतो, कारण मोजायचं एकक वेगळं (आपलं mg/dL, तिकडे mmol/L). आपली 180 म्हणजे त्यांची 10. आई उगाच खुश होऊन गुलाबजाम खायची!

जीवावरचं असेल तर आधी 112, मग विमा कंपनी. हा नंबर आपल्याकडेही चालतो, म्हणून बाबांना पाठ होईल. रात्री-बेरात्री साधा ताप आला, तर जर्मनीत 116117 वर डॉक्टर मिळतो. भरती झाल्यावर मात्र पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर लगेच कळवायला पोरीला सांग, कॅशलेसचं तिथूनच ठरतं. अन् पॉलिसीची एक प्रत बाबांच्या बंडीच्या खिशात ठेव, मोबाइल ते नेमका घरी विसरतात.